सोनचाफ्याचा पत्ता

नाही, नाही, त्या बाकावर नको, तो फोन करायला येणाऱ्यांचा — इकडं ये, ह्या खुर्चीवर बस. उशी आहे ना, असू दे, उशीवरच बस. अरे बस की, चावत नाही ती. पाणी घे. सावकाश. पुण्यापासनं उभा आलायस का काय एसटीत, शर्ट बघ कसा झालाय — आणि किती मोठ्यानं विचारलंस रे दारातनं, "सोनचाफा इथंच राहतात का?" अख्ख्या मेन रोडनं ऐकलं. समोरचा सायकलवाला पंक्चर सोडून वर बघायला लागला. त्याला वीस वर्षं माहितीय की इथं विजयमालाबाई राहतात, टेलिफोनमधल्या, रिटायर झालेल्या, एसटीडीवाल्या. आता संध्याकाळपर्यंत सगळ्या श्रीरामपुरात होईल — बाईंकडं कुणी सोनचाफा राहायला आलीय म्हणून. — काय? आत नाही कुणी. मान लांब करू नकोस, आत स्वैपाकघर आहे, त्याच्या मागं मोरी, आणि मोरीत एक मांजर, ते पण माझं नाही. ओंकार ना तू? मघाशी दारात सांगितलंस तेच नाव? मग ओंकार, मी पण मघाशी सांगितलं तेच परत सांगते. कॉम्प्युटरवरच्या त्या खेळातली सोनचाफा म्हणजे मी. भाची नाही, मुलगी नाही. मीच.

पटत नाही? बरं, विचार काय विचारायचं ते. थांब, मीच सांगते. श्रावणात, काळ्या दलदलीत, लांडगे मागं लागले तेव्हा आपल्या म्हातारबांनी, म्हणजे तूच, काय केलं? कंदील टाकला, काठी टाकली, सोबतच्या बाईला टाकलं, आणि पळाले. गुडघे दुखणारा म्हातारा — काय पळाला! आणि पुढच्याच वळणावर मेला, ते बरं झालं. मग तुझं ते विखुरलेलं सामान रोज दुपारी चालत जाऊन, चार दिवस, कुणी गोळा करून आणलं? आणि परत जिवंत होऊन आलास तर मी काय म्हटलं? "म्हातारबा, पुढच्या वेळी पळायचं असेल तर निदान सांगून पळा." — हां. आता पटलं. आता तोंड मिट, माशी जाईल.

आता खरं सांग, काय वय धरलं होतंस तू माझं? लाजतोस काय! नवा शर्ट, दुकानातली घडी अजून दिसतेय पाठीवर, केस पाणी लावून चपटे केलेले, हातात पेढ्याचा पुडा — खेळातल्या सोबतिणीला पेढे कोण आणतं रे? — किती? बावीस? अगं बाई! बावीस. एकतीस वर्षांनी चुकलास. पण मी कुठं खोटं बोलले, एक वाक्य दाखव. तू विचारलंस घरात कोण कोण, मी लिहिलं, एकटीच, आई होती ती गेली. तू विचारलंस नोकरी, मी लिहिलं, सोडली. लग्नाचं विचारलंस — आडून आडून, पण विचारलंस — मी लिहिलं, कोपरगावकडचे बघायला आले होते, पोहे खाल्ले, दोनदा मागून खाल्ले, आणि मुलगी टेलिफोनमध्ये रात्रपाळी करते म्हटल्यावर हात पुसून उठले. तू दोन दिवस चिडला होतास त्यांच्यावर. लिहिलंस, "असल्या लोकांना लाज वाटायला पाहिजे, आजच्या जमान्यात!" मला काय बरं वाटलं म्हणून सांगू — इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या बाजूनं कुणीतरी चिडलं. आता ते अडुसष्ट साली झाल्तं, हे मी लिहिलं नाही. तू सालच विचारलं नाहीस!

आणि तू काय कमी? "गुडघा लई बोलतोय आज." मला काय माहीत तू एम-एटी गाडीवरनं पडलायस? "दाढ काढली, दोन दिवस पेजेवर आहे." अक्कलदाढ! अक्कल यायची तर ती काढून टाकली, आणि मी इथं समजून बसले, बिचाऱ्याच्या तोंडाचं बोळकं झालं. "हल्ली झोप लागत नाही, जुनं आठवत बसतो." काय जुनं आठवत होतास रे तू, बालवाडी? — परीक्षेचे विषय राहिलेले! व्हय? जुने राहिलेले विषय! वा. म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही बघ. दोघंही हरिश्चंद्राचे अवतार.

तसं चुकलं माझंच. तीस वर्षं ट्रंक बोर्डावर बसलेली बाई मी, आवाजाला चेहरा चिकटवू नये एवढं कळायला पाहिजे होतं. मनमाडला एक ऑपरेटर होते, भीमा म्हणायचे त्यांना सगळे — आवाज कसला, नगारा. बोलायला लागले की कानावरचा हेडफोन हलायचा. अकरा वर्षं रोज बोललो आम्ही, कामापुरतं आणि कामाच्या थोडं पलीकडं. मी मनातल्या मनात त्यांना सहा फूट उंची, झुपकेदार मिशा, सगळं देऊन टाकलं होतं. माझ्या निरोपाला मुद्दाम आले — एवढेसे! माझ्या खांद्याला लागत होते. हार घालायला स्टुलावर चढले. सगळं ऑफिस हसलं, ते पण हसले, आणि मला उगीचच रडू आलं. लोकांना वाटलं नोकरी सुटली म्हणून.

सगळं ऑटोमॅटिक झालं होतं, बोर्ड भंगारात गेला होता, म्हणून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हे दुकान टाकलं. कॉम्प्युटर घेतला तो ई-मेलसाठी. कुणाचा पोरगा अमेरिकेत, कुणाचा जावई दुबईत, त्यांची पत्रं मी टाइप करते — "चि. बाळास अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम" — इंग्रजी अक्षरांत. दुपारी मात्र इथं कुत्रं फिरकत नाही. मग ती शुभांगी, बी.एस्सी. कॉम्प्युटर करते, बहिणीला ई-मेल करायला येते — नाही, तिचा पत्ता नाही मिळणार, मान खाली घाल — ती म्हणाली, मावशी, नुसत्या बसून राहता, हा खेळ बघा, फुकट आहे. मी बघितलं तर काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. चित्र नाही, आवाज नाही. "तुम्ही एका जंगलात आहात. उत्तरेला वाट आहे. पूर्वेला विहीर आहे." बस. उत्तरेचं अक्षर दाबलं की पुढचं वाचायचं. मला हसूच आलं — अरे, ही तर ट्रंक लाइन! न दिसणाऱ्या गावांना जोडायचं आणि पलीकडून कोण बोलतंय ते ऐकायचं. ह्याच्यापेक्षा वेगळं मी काय केलं होतं तीस वर्षं?

आणि सुरवातीचे तीन महिने सगळे परके. इंग्रजीत काहीबाही बोलायचे, मी डिक्शनरी घेऊन बसायची. मला जखमा बऱ्या करण्याचं काम मिळालेलं, मी आपली विहिरीपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पट्ट्या बांधायची. एक दिवस कुणी नवीन माणूस आला, त्याला साप चावला, आणि पडद्यावर उमटलं — "aai ga." खुर्चीत ताठ बसले मी! हजारो मैलांवर, कुठल्या बर्फाच्या देशातल्या कॉम्प्युटरमध्ये, साप चावला आणि कुणीतरी "आई गं" म्हटलं! मी आधी विष उतरवलं आणि मग लिहिलं, "kuthle tumhi?" — तू म्हटलंस, मूळ अकोल्याचे. मूळ! बघ की, तू तर पुण्यात होतास, पण लिहिलंस मूळ अकोल्याचे. अकोले म्हटलं की डोळ्यांपुढं डोंगर, भाताची खाचरं, धुकं. आणि नाव म्हातारबा. मग मी दुसरं काय समजणार?

बरं, तो खोका दे इकडं. काय चित्र आहे बाई! किल्ला, घोडा, आणि ही बाई — हिला थंडी नाही वाजत का रे? हाच का तुझा पैशाचा खेळ? तू दोन महिने डोकं खाल्लंस माझं ह्याच्यापायी. रंगीत चित्रं, पाऊस दिसतो, घोड्याच्या टापा ऐकू येतात, स्वतःची जागा घेऊन घर बांधता येतं, काही बिघडलं तर तक्रार करायला खरी माणसं बसलेली. महिना दहा डॉलर. आणि ते भरायला असलं कार्ड पाहिजे, जे श्रीरामपुरात कारखान्याच्या चेअरमनकडं सुद्धा नसेल — तू न्यू जर्सीच्या चुलतभावाचं वापरलंस ना? माझा पण महिना भरलास? अरे, कशाला! — नाही, रागावत नाही. रागावले तर सांगेन.

हे बघ, मी टेलिफोनची माणूस. भाडं म्हणजे काय हे मला शिकवू नकोस. भाडं भरलं की हक्कानं ओरडता येतं, ते खरंच आहे. आपल्या फुकटात ओरडायचं कुणावर? युनिव्हर्सिटीतली चार पोरं ते चालवतात, त्यांची परीक्षा आली की आठ दिवस जगच बंद. दिवाळीच्या आधी काय झालं, आठवतंय ना? त्यांच्या मशिनीत काहीतरी जळालं आणि माझ्या सगळ्या जडीबुटी, तीन महिन्यांच्या, साफ. तक्रार केली तर त्या पोरानं लिहिलं, "सॉरी हं बाई" — तसलंच काहीतरी इंग्रजीत — "मी पण माझा घोडा गमावलाय." आता त्याला काय बोलणार? आणि फुकट म्हटलं की रिकामटेकडेही येतात. तो एक नाही का, विहिरीच्या काठावर बसून दिवसभर शिव्या द्यायचा? त्याला हाकलायला दारवान कुठाय? हे सगळं मला मान्य. आणि फुकट म्हणायचं तरी कसलं, इथं माझा टेलिफोनचा मीटर धावत असतो तो काय त्या बर्फवाल्यांच्या खात्यावर? ते पण मान्य.

पण एक सांगू? भाडं भरणारा मालकासारखा बोलतो आणि फुकट आलेला पाहुण्यासारखा. मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. ट्रंक कॉल लागला नाही की पैसे भरलेला माणूस काय काय बोलायचा, तुला सांगता यायचं नाही, तू लहान आहेस. आणि तुझे ते सगळे मित्र, आधी आपल्यात होते आणि मग तिकडं गेले, ते परत दोन दिवस आले होते बघ — कसे बोलत होते? "आज चार तास खेळलो, पैसे वसूल." वसूल! अरे, मेसच्या जेवणासारखं झालं हे, पैसे भरलेत म्हणून भूक नसताना दोन पोळ्या जास्त. आपल्यात नवीन कुणी आलं की त्याला भाकरी दे, जुने बूट दे, कंदील दे, असं चालायचं. कुणाला कुणाकडनं काही वसूल करायचं नव्हतं. आणि तिकडं महिना चुकला की बांधलेलं घर पडतं म्हणे. तूच सांगितलंस. पडतं म्हणजे सामानासकट? — बघ! ही लाइन कापण्यापेक्षा वाईट गोष्ट झाली. आम्ही निदान टेलिफोनचा डबा घरात ठेवायचो.

थांब, झाकण टाकून ठेवलंय, गार होईल. आधी खाऊन घे. — असं कसं नको? लांबून आलायस. घे वाटी. हुलग्याचं माडगं आहे. वरून तूप घातलंय, जिरं घातलंय, गुठळी एक नाही, गाळून घेतलंय. पी गरम गरम. — काय बघतोस? तुझ्या वयाची पोरं हे खात नसतील, माहितीय मला, तुम्हाला वडापाव पाहिजे. तू इतका तगडा येणार माहीत असतं तर मासवडी केली असती, भाकरी केली असती, रस्सा केला असता. हे मऊ म्हणून केलं. चावावं लागू नये म्हणून.

— कुणासाठी म्हणजे? दाढ काढलेल्या माणसासाठी. अजून कुणासाठी.

...हं. बोलून गेले का मी. जाऊ दे. आता काय लपवायचं, तुझं सगळं बाहेर काढलं मी एवढा वेळ. हसायचं नाही पण. सहाला उठून हुलगे भाजले. ही खुर्ची शेजारच्या वकिलांकडनं मागून आणली, त्या बाकाला पाठ नाही ना, म्हटलं कंबर धरली तर. पायरीपाशी वीट ठेवलीय बघ, चढताना गुडघ्याला बरं पडावं म्हणून. तू ती वीट ओलांडून एका ढांगेत आत आलास. आणि हे पातळ — निरोपाच्या दिवशी नेसले होते, त्यानंतर आजच काढलंय. तू दारात उभा राहिलास ना, मी तुझ्याकडं बघतच नव्हते रे. तुझ्या खांद्यावरनं मागं बघत होते. म्हटलं, हा नातू असेल, पुढं पाठवलाय विचारायला, आजोबा मागनं रिक्षातनं उतरत असतील. आणि तू म्हणालास, "मीच म्हातारबा." तेव्हा सायकलवाल्याचं तोंड बघायचं सोडून माझंच बघायला पाहिजे होतं कुणीतरी.

आणि सगळा घोटाळा तुझ्या त्या एका ओळीनं केला. "आपण दोघं मिळून घर घेऊ या का? समक्ष येऊन बोलतो." एवढंच लिहिलंस. तुला म्हणायचं होतं ह्या खोक्यातलं घर, दहा डॉलरवालं, दोघांत एक घेतलं की स्वस्त पडतं. कळलं मला, आज कळलं, खोका बघितल्यावर कळलं. पण त्या दिवशी ते नुसती हिरवी अक्षरं होती बाबा, त्याच्या खाली चित्र नव्हतं. मी तीनदा वाचलं. मग कॉम्प्युटर बंद केला. मग परत लावून चौथ्यांदा वाचलं. एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला दिल्लीचा फोन हवा होता, मी त्याला कोल्हापूर लावून दिलं. तीस वर्षांत माझा नंबर चुकला नव्हता.

नाही रे, लग्नबिग्न काही नाही मनात. ह्या वयात काय! — काय होतं मनात ते मला नीट सांगता येत नाही. समोरासमोर बसून चहा प्यायचा होता. म्हातारबा काय बोलतात ते एकदा त्यांच्या आवाजात ऐकायचं होतं. तेवढंच. आणि समज, त्यांनी विचारलंच असतं काही पुढचं, तर मी काय उत्तर दिलं असतं ते पण ठरवून ठेवलं होतं. — ते नाही सांगणार. तुला कशाला सांगू, तुझं वय काय?

ए, मान वर कर. तू का तोंड पाडून बसलास? बावीस वर्षांची सोनचाफा हरवली म्हणून? मग माझे म्हातारबा हरवले त्याचं काय? हिशोब बरोबरीत सुटला. चल, तो पेढ्याचा पुडा फोड. एक तू खा, एक मला दे. चांगले आहेत की. — आणि हे बघ, तू चिडलास ना माझ्यासाठी त्या पोहे खाणाऱ्यांवर, ते काही खोटं नव्हतं. आणि मी तुझा कंदील आणला ते पण खोटं नव्हतं. वयं तेवढी चुकली. फुकटाच्या खेळात एवढं चालायचंच. तुझ्या ह्या खोक्यातल्या फॉर्मवर बघ, पहिलाच प्रश्न — पूर्ण नाव. दुसरा — जन्मतारीख. इथं आपण आधी भेटलो असतो तर पहिल्याच दिवशी मी तुला बाळा म्हटलं असतं आणि तू मला काकू, आणि सापाचं विष उतरवून आपण आपापल्या वाटेनं गेलो असतो. दहा डॉलर भरून एवढंच मिळालं असतं. म्हणून मला नको हा. तुझा भरलेला महिना वाया जाईल त्याचं वाईट वाटतं, पण नको. तुला जायचं असेल तर तू जा, मी अडवत नाही, तुझी सगळी मित्रमंडळी तिकडं आहेत. मी आहे आपली विहिरीपाशी. ती चार पोरं पास होईपर्यंत तरी चालेल.

एक मात्र विचारते, आणि खरं सांगायचं. आखाडात तू एक वाक्य लिहिलं होतंस. मी म्हटलं होतं, नोकरी गेली, बोर्ड गेला, सगळं मागं मागंच चाललंय माझं. तर तू लिहिलंस, "भात लावणारा मागं मागं सरकतो, पण हिरवं पुढं पुढं होत जातं." ते वाक्य मी कागदावर लिहून ह्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय — हे बघ. इंजिनिअरिंगच्या पोराच्या डोक्यातलं हे वाक्य नाही. एम-एटीवरनं पडणाऱ्याला हे सुचत नाही. कुणाचं आहे? — वाटलंच मला. गावाकडचं. म्हणजे म्हातारबा तू आजोबांवरनंच उभा केलास ना? काय नाव त्यांचं? सहादू. सहादूबाबा. बरं. आणि असतात ते... म्हणजे, आहेत अजून? — आहेत! किती वय? एकोणऐंशी. तब्येत? चांगलीय, डोंगर चढतात. वा, वा. चांगलं आहे. आणि — आजी? तुझी आजी पण...

आहे.

बरं झालं. बरं झालं हो. जोडी असलेली बरी. देव त्यांना — काय म्हणालास? परत सांग. — आजोबा बोलतच नाहीत? बिलकुल नाही? नुसती तंबाखू मळतात? मग ते वाक्य — आजीचं? आणि "पाऊस उधार ठेवत नाही, आला की घेऊन टाकावा" ते? ते पण आजीचं. आणि गुडघ्याला सांगितलेला लेप? आणि "एकटं माणूस म्हणजे जोडी तुटलेला बैल नव्हे, ते आपल्या पायांवर उभं राहतं" — तेही? सगळंच? एकूण एक? दाढी आजोबांची आणि तोंड आजीचं!

अरे देवा... थांब... थांब जरा, हसू दे मला. पाणी दे ते इकडं. एकतीस वर्षांनी तू चुकलास आणि मी — मी तर बाईमाणसावरच — अगं आई गं, पोट दुखायला लागलं. वर्षभर, ओंकार, वर्षभर मी रोज दुपारी दुकानाचं दार लोटून, वेणी घालून, तुझ्या आजीची वाट बघत बसले होते! काय नाव तिचं? रंगुबाई. रंगुबाई. छान नाव आहे. लिहिता-वाचता येतं? — अंगठा. असू दे. अंगठेवाल्यांचे फोन मी आयुष्यभर जोडले, ते बोलतात चांगलं. ऐकू येतं ना? डावा कान बरा. चालेल. आणि तिला माहितीय का तू तिची वाक्यं इकडं विकतोस ते? नाही ना. चोर कुठला.

— नाही, डोळ्यांत काही नाही, हसण्यानं येतं पाणी.

गावात फोन आहे? घरात नसू दे, पीपी नंबर असेल की कुणाचा. किराणा दुकानाचा? चालेल. लिही इथं. कोडसकट लिही, अकोल्याचा कोड मला पाठ आहे तरी लिही. दुकानदार बोलावून आणतो ना हाक मारून? किती लांब घर — शंभर पावलं. म्हणजे पाच मिनिटांनी परत लावायचा. कितीला मोकळी असते ती? जनावरांना वैरण टाकून झाली की, म्हणजे आत्ता. आत्ताच की!

ऊठ, ऊठ. साडेचारची पुणे गाडी आहे, गेली तर मग सात वाजेपर्यंत स्टँडवर डास मारत बसशील. खोका घे, पेढे राहू दे. — कुणाला काय सांगणार म्हणजे? तुझं नाव नाही काढणार, घाबरू नकोस. सांगेन, मी श्रीरामपूरहून विजयमाला बोलते, तुमची माझी ओळख नाही, पण तुमचं बोलणं मला आवडतं. पुढं काय बोलायचं ते आम्ही बघू. — नाही, तू बसायचं नाही ऐकायला. बायकांचं बोलणं आहे. तू जा. अरे जा म्हणते ना! आणि जाताना दार ओढून घे, रस्त्याचा आवाज आत येतो, तिचा एकच कान बरा आहे.